दाराशी बोलायचा शब्द

पक्षाघातानंतर शालनबाईंच्या मेंदूत चिप बसवून आठवडा झाला होता. बोलण्याची चाचणी पास, चालण्याचीही पास. दोन्ही एकत्र चालवल्या की मात्र लाल दिवा. दाराशी बाई बोलतात एक आणि पाय करतात भलतंच, असं रिपोर्ट म्हणत होता. चिपचा इंजिनिअर असलेल्या शार्दूलने सकाळपासून तीनदा कोड तपासला, पण चूक काही सापडेना. शेवटी वैतागून त्याने बोलणं पायांशी बांधून टाकलं. दिवा हिरवा झाला.

"झालं ताई. न्या आता आईंना घरी," तो त्यांच्या मुलीला, विशाखाला म्हणाला.

शालनबाईंनी चपला घातल्या आणि त्या दारातून शार्दूलकडे वळून गोड हसल्या. "जाते हं, बाळा."

विशाखाचा चेहरा पडला. "आई! असं काय बोलतेस?"

"अगं, जातेच आहे ना मी?"

"सकाळपर्यंत नीट 'येते' म्हणत होती हो," विशाखा रडवेली झाली. "काय केलंत तुम्ही?"

गोंधळलेल्या शार्दूलने जुना रिपोर्ट उघडला. 'शब्द: येते. पाय: बाहेर. विसंगत.'

तो बघतच राहिला. आज सकाळी तोही आईला "येतो गं" म्हणूनच घराबाहेर पडला होता.