चार वाटांची गोष्ट

शहात्तर साली मास्तर झाल्यावर मी एक गोष्ट लिहिली. बाप वारल्यावर तीतल्या नाथाजीनं पुढं काय करायचं, ते वाचणाऱ्यानंच ठरवायचं. पलटणीची वाट, सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानाची वाट, कॉलेजची वाट आणि घरची वाट, अशी चार नावं दिली. पानं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक वाटेचा गठ्ठा वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं बांधून वर नावाची चिठ्ठी लावली.

सुट्टीला एस्टीनं कडेगावला गेलो, तेव्हा पहिल्यांदा थोरल्या दादाच्या हातात दिली. आमचे वडील गेले तेव्हा दादानं चौथीतनं शाळा सोडली, शेत धरलं आणि मला शिकवलं.

"कुठली बी घिऊ?" अक्षरांखाली बोट फिरवत त्यानं विचारलं.

"घे की, तुला आवडंल ती."

मला वाटलं, पलटणीची घेईल. तीत तीस पानं नुसती लढाई होती. त्यानं घरची घेतली.

त्या दोऱ्यात एकच पान होतं. 'नाथाजी घरीच राहिला. गोष्ट संपली.'

दादानं पान उलटून बघितलं. मग वाकून घोंगड्याखाली हात घातला.

"ह्येतली बाकीची पानं कुठं पडली रं?"

मला त्याच्याकडं बघवेना. "एस्टीत पडली असतील, दादा," मी म्हणालो.



दादानं पायात वहाणा घातल्या आणि पानं शोधायला स्टँडवर गेला.