काजूचे डोळे

काजू पुन्हा चौकटीवर आदळला आणि भिंतीकडे तोंड करून तिथेच बसला. चिंतामणींची बायको विनीता वारली, त्याला महिना झाला होता. कुत्र्याने बाईंचा ध्यास घेतलाय, असं शेजारी म्हणायचे. चिंतामणींनाही तेच वाटायचं. पण आज तो मागच्या पायऱ्यांवरून गडगडला, तेव्हा त्यांनी त्याला उचलून रिक्षात घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिच्या हातचं वाढलेलं तेवढंच एक घरात उरलं होतं.

डॉक्टरांनी काजूच्या डोळ्यांत बॅटरी मारली.

“याला दिसत नाही, काका. पिढीजात आजार आहे, आईबापांकडून आलेला. आतला पडदा हळूहळू वाळत जातो.”

“औषध?”

“नाही.”

“मुंबईला नेलं तर?”

“नेऊन उपयोग नाही. आणि हे आजचं नाही. दोनेक वर्षं तरी याला काही दिसत नसणार.”

“काहीतरीच! गेल्या महिन्यापर्यंत घरभर पळायचा. कशाला म्हणून धडकला नाही.”

“कोणाच्या मागे मागे असायचा का? आवाजावर?”

विनीताच्या हातांत मनगट भरून काचेच्या बांगड्या असायच्या. चुलीपासून विहिरीपर्यंत ती जाईल तिथे वाजायच्या. सवाष्ण गेली म्हणून हात भरूनच तिला नेलं होतं. तेव्हापासून घरात आवाज नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी तिचा डबा उघडला. त्यातली एकही बांगडी त्यांच्या हातात चढेना. तेव्हा ते बाजारात रंगूबाई कासारणीकडे गेले.

“कोनाला पायजेत? माप आणलंय काय?”

चिंतामणींनी स्वतःचा हात पुढे केला.

शेजारच्या दुकानातून कोणीतरी ओरडलं, “काय काका, बांगड्या भरताय?”

“कुत्र्याला ऐकू जायला हव्यात,” ते म्हणाले.

“हसतोस काय रे मेल्या!” रंगूबाई त्या माणसावर खेकसली. मग तिने सगळ्यात मोठं माप काढलं आणि त्यांचा हात दाबत दाबत एकेक बांगडी चढवली.

घरी येऊन चिंतामणींनी पुढच्या दारात उभं राहून हात हलवला. काजूने कान टवकारले. तो उठला आणि माजघरातून, टेबलखुर्च्यांमधून, कुठेही न धडकता सरळ पळत आला. शेपूट हलत होती. त्याने त्यांच्या हाताला नाक लावलं. शेपूट थांबली.

मग त्यांना वळसा घालून तो उंबऱ्याशी गेला आणि ती मागून येत असेल म्हणून बाहेर कान लावून बसला.