दीपाचं बक्षीस

वाणगावच्या वाचनालयात दर रविवारी सगळे मिळून मोठ्यानं वाचायचे. झिपरू म्हातारा नात दीपाला घेऊन पाड्यावरून यायचा, आणि तिच्याशेजारी बसून बसून उतारवयात त्यालाही अक्षरं लागली. दिवाळीनंतर मुलगा आणि सून वीटभट्टीवर निघतील तेव्हा पोरीला नेऊ द्यायचं नाही, एवढाच त्याचा हट्ट होता.

"तिथं ती हाताखाली लागते, बाबा," मुलगा कुरकुरायचा. "पुस्तकं काय चुलीत घालू?"

दिवाळीआधी या वाचनाच्या कार्यक्रमाच्या शेवटच्या रविवारी दीपानं अख्खी गोष्ट न अडखळता वाचली. पाहुणे होते कमलेशशेठ, त्याच वीटभट्टीचे मालक. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि बक्षिसाचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं.

झिपरूनं मुलाला कोपरानं ढोसलं. "बघ, शेटलापण पटलं. आता पोर माझ्याजवळच ऱ्हायल."

व्यासपीठावरून उतरताना शेठ मुद्दाम मुलापाशी थांबले.



"यंदा पोरीला नक्की आण रे. हजेरी मांडायची असते, आणि भट्टीवर लिहिता-वाचता येणारं कुणीच नाय."