फोन खाली करा

ती बाई सकाळपासून समोरच्या टपरीवर बसली होती आणि तिची नजर ‘रीना मोबाईल’वरून हटत नव्हती. दोन चहा झाले तरी उठायचं नाव नाही. शेवटी टपरीवाले भय्याजी रस्ता ओलांडून दुकानात आले. दुकानदार टेकचंदच्या कानाशी लागले.

“बाई विचारून राहिली, इथं फोनमंधी नाटकं भरून भेटतेत काय मनून.”

टेकचंदने संगणकाला लावलेला फोन झटकन काढला.

लाखांदुरात त्याच्याकडून फोन घेतला की तो नाटकांनी भरूनच मिळायचा. धान निघालं की या भागात रात्र-रात्र नाटकं रंगतात. कुणीतरी ती चोरून मोबाईलवर उतरवतं आणि टेकचंद अख्खीच्या अख्खी गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये ओततो. त्यावरच तर दुकान चालायचं. अलीकडे मात्र लोक कुरकुरत होते. भरलेला फोन अडकायचा, साधा कॉल लागेना. चौकातल्या दुकानातले महागडे फोन भरले तरी पळायचे. आणखी एक हंगाम असाच गेला तर शटर ओढायची पाळी होती.

आणि त्यात ही बाई! नक्कीच पोलिसातली, साध्या कपड्यातली. नाटकवाल्यांनीच पाठवली असणार.

“मलेच धरासाठी आली हाये,” तो बायकोला, उषाबाईला म्हणाला. “आपल्या साऱ्या गिऱ्हाइकायले सांग, फोन खाली करा मनून. आत्ताच्या आत्ता!”

उषाबाईने फोन फिरवले. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पोलीस म्हटल्यावर कारण कोण विचारतो? दुपारपर्यंत बाजारभर लोक माना खाली घालून नाटकं पुसत होते. टेकचंदने दुकानातला संगणकही साफ केला. त्याला खरंच फार वाईट वाटलं.

मग बाई उठली. दिसेल त्याचा फोन मागून बघत, बाजार फिरून दुकानात आली.

“तुम्ही फोन भरून देता ना?”

“छे जी! पोरीची शपथ.”

बाई मटकन बाकावर बसली.

“तुम्ही विकता त्या फोनच्याच कंपनीतून मी आले. आधी सांगितलं की लोक गोड-गोड बोलतात, म्हणून गप्प बसले. मोठ्या कंपन्यांपुढे टिकायचं तर फोनची मेमरी सुधारायला हवी. भरलेला फोन नेमका कुठे अडकतो, तेवढं बघायचं होतं. पण तुमच्या गावात सगळेच फोन पळताहेत. तक्रार खोटी होती, असंच कळवते आता.”



तिने पिशवी खांद्याला लावली. एसटीची वेळ झाली होती. दारात ती थबकली.

“इथूनच कुणी टेकचंद म्हणून सारखे फोन करायचे. फोन अडकतो, काहीतरी करा म्हणून अक्षरशः रडायचे. ओळखता त्यांना?”

“नाही जी,” टेकचंद म्हणाला.