पाळीचा बिट

“अंबिका, मशीन सुरू झालं की आधी पाळीच्या बिटची कळ एकदा दाब, मग बाकीचं.” निवृत्त होताना गजाला मॅडम म्हणाल्या, आणि मी त्यांना शब्द दिला.

आमच्या रुग्णालयातल्या त्या जुन्या मशीनमध्ये दोन डिस्क एकाच तारेवर आहेत: स्कॅन साठवणारी मोठी, आणि त्यांची नक्कल ठेवणारी दुसरी. तार कुणाला द्यायची ते चिप ठरवते. तिच्या कंट्रोल रजिस्टरमधला, म्हणजे सेटिंगच्या कप्प्यातला, पाळीचा बिट ही एक-शून्याची खूण. तो एक असला, तरच दहा वाजता दुसऱ्या डिस्कला नक्कल उतरवायला मिळते. शून्य असला, तर मोठी डिस्क तार सोडतच नाही. रोज रात्री मशीन बंद केलं की बिट परत शून्य. म्हणून सहा वर्षं रोज सकाळी आठला ती कळ दाबल्याशिवाय मी घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

आज मोठी डिस्क करकरायला लागली. फुलंब्रीच्या राजाबाईंना ऑपरेशनच्या टेबलावर घेतलेलं, डॉक्टर त्यांचा जुना स्कॅन मागत होते. दुसरी डिस्क उघडली, तर कोरी!

“असं कसं? मी तर रोज न चुकता दाबते रे.” मी म्हणाले.

शेजारच्या टेबलावरच्या अल्तमशचा चेहरा उतरला.

“क्या बोलते ताई? नऊला आलो की मी पण दाबतो ना रोज. मॅडमनी मला पण कसम घातली होती.”

एकदा दाबली की एक, पुन्हा दाबली की शून्य.

दहाला पाच मिनिटं होती, आणि मोठी डिस्क अजून कशीबशी फिरत होती.



“तू दाब,” मी म्हटलं, आणि मॅडमना दिलेला ‘एकदा’चा शब्द पाळायला दोन्ही हात पदराखाली घेतले.