जुना शेजार

पोतदारांच्या पेढीवर नवी भट्टी आल्याचं कळलं, त्याच सकाळी कुमुदिनीबाई हातातल्या पाटल्या उतरवत तिथे हजर झाल्या. मागोमाग त्यांचे यजमान भास्करराव.

"हिला काढा यातून," त्या म्हणाल्या.

'हिला' म्हणजे द्वारकेला, भास्कररावांच्या वारलेल्या पहिल्या बायकोला. लग्नात सासूबाईंनी द्वारकेच्या बांगड्या आणि कुमुदिनीचा गोफ एकत्र आटवून या पाटल्या घडवल्या होत्या. तेव्हापासून सवत मनगटाला चिकटलेली.

"निघेल, काकू," पोतदार म्हणाला. "घट्ट सोन्यात कण जागा सोडत नाहीत, वितळलं की सैरावैरा मिसळतात. पण प्रत्येक कणाला आपला जुना शेजार आठवतो. भट्टी त्याला तेवढंच विचारते, आणि तो आपल्या शेजाऱ्यांकडे परततो."

थोड्या वेळानं मुशीतून मणी निघाले. दोन नव्हे, तीन. पोतदारानं वजनावरून बांगड्यांचा आणि गोफाचा मणी ओळखला.

"हा तिसरा कुणाचा?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

भास्कररावांनी रिकामं बोट चोळलं. "द्वारकेच्या वडिलांनी दिलेली माझी अंगठी. तुझ्या पाटल्यांना सोनं कमी पडत होतं."

तीच अंगठी! ती यांनी तिची आठवण म्हणून लपवून ठेवली असणार, या संशयानं कुमुदिनीबाईंनी किती वेळा ट्रंका उपसल्या होत्या.

त्यांनी तो मणी आपल्या मण्याजवळ सरकवला. "हे दोन मिसळा."

"काकू, तोही द्वारकाकाकूंच्याच माहेरचा."

"असू दे. यांनी तो मला दिलाय."

"आणि द्वारकाकाकूंचं सोनं?"

"त्याचा टाक करा. देव्हाऱ्यात रोज पूजा करीन तिची. पण हातावर मी आणि हे, दोघंच."