तीन महिन्यांची नळी

"ही नळी तीन महिन्यांत काढायची होती, आबा. आठ महिने झाले. आला का नाहीत?"

डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. खड्यानं पित्ताची वाट अडली, म्हणून घातलेली ती प्लास्टिकची नळी जागची हलून आत वर सरकली होती.

तिकोणा पेठेचे धोंडिबा खाली मान घालून बसले होते. डोळे पिवळे, अंगात ताप. शेजारी बायको, हिराबाई. नळी काढायची असते, हे ती आज पहिल्यांदाच ऐकत होती.

"तारखेचा कागद दिला होता ना?"

"म्या लपवला," धोंडिबा म्हणाले. "हिला कळू न्हाई म्हनून. गुंगीत व्हतो, पन तुमचं बोलनं कानावर आलं. तीन महिनं, त्याच्या फुडं भरवसा न्हाई, म्हनला तुमी."

डॉक्टरबाईंनी एक्स-रे खाली ठेवला. "अहो आबा, ते मी नळीबद्दल बोलत होते. तुमच्याबद्दल नाही."

दुपारी त्यांना आत नेलं. दुर्बिणीतून नळी हाती लागली नाही तर पोट उघडावं लागेल, असं आधीच सांगून ठेवलं होतं. हिराबाई बाकड्यावर बसून राहिली. गेल्या आठ महिन्यांतलं एकेक तिला आठवू लागलं. तिचे गुडघे दुखतात म्हणून हा माणूस रोज तेल चोळत होता. बारा वर्षं धरलेला राग सोडून तिच्या माहेरी जेवून आला होता. तिच्याआधी कधी ताटावर बसला नव्हता. तिला वाटलं होतं, वय झालं, माणूस निवळला.

तासाभरानं डॉक्टरबाई बाहेर आल्या. तोंडावाटे दुर्बीण सोडून, चिमट्यात धरून त्यांनी नळी अलगद ओढून काढली होती. कुठं चिरावं लागलं नव्हतं.

संध्याकाळी धोंडिबांची गुंगी उतरली. हिराबाईनं त्यांचं पांघरूण सारखं केलं. मग तिनं मनातलं विचारलंच.

"म्हंजी मरनार म्हनून माज्याशी गोड वागत व्हता?"

"व्हय."

ती खिडकीकडे बघू लागली. धोंडिबांनी चाचपडत तिचा हात शोधला.

"पन पयलं तीनच महिनं," ते म्हणाले. "त्याच्या फुडं, मरायचं हाय ह्ये इसरूनच गेलतो."